क्वार्ट्झसाइटमधली हिवाळी बिऱ्हाडे

अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, फिनिक्सहून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, क्वार्ट्झसाइट नावाचे एक छोटे गाव आहे. २०२०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अडीच हजारांच्या आतच भरली होती, आणि उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जाऊ लागला की त्यांतलेही बरेचजण गाव सोडून थंड प्रदेश गाठतात. थंडीची चाहूल लागली मात्र, की उत्तरेकडून, अगदी कॅनडापासून, माणसे आपापली घरे घेऊन या गावाच्या वाटेला लागतात. जानेवारीत गावाच्या चारी अंगांच्या माळावर नजर पोहोचेल तिथपर्यंत पांढरी, मातकट, चंदेरी घरे उभी असतात आणि हंगामभरात येऊन जाणाऱ्यांची गणती लाखांत होते. त्यांतली बहुसंख्य माणसे साठी ओलांडलेली, नोकरीधंद्यातून मोकळी झालेली असतात.

माझी मुलगी फिनिक्सच्या एका उपनगरात राहते आणि थंडीचे काही महिने मी तिच्याकडे असते. तिच्या शेजारणीची थोरली बहीण आणि त्या बाईंचे यजमान हे दोघे घरदार विकून कित्येक वर्षे चाकांवरच्या घरात राहत आहेत आणि हिवाळा क्वार्ट्झसाइटजवळच्या माळावर काढत आहेत. त्यांनी आग्रहाने बोलावले म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले, आणि पुढे जमेल तेव्हा जात राहिले. या जीवनाविषयी बोलताना बहुतेक लोक मोकळा रस्ता, सूर्यास्त आणि स्वातंत्र्य यांचेच वर्णन करतात. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही; पण मला अधिक कुतूहल वाटले ते या स्वातंत्र्याला तोलून धरणाऱ्या व्यवस्थेचे. पाणी कुठून येते, मैला कुठे जातो, टपाल कोणत्या पत्त्यावर येते, मत कुठे देतात आणि मध्यरात्री छातीत कळ आली तर कोणाचे दार वाजवायचे, हे प्रश्न मला आधी पडतात. नोकरीभर पाणीपुरवठ्याची आणि मलनिस्सारणाची कामे केल्यामुळे घरात पाय ठेवण्यापूर्वी घराखाली वाकून पाहण्याची खोड मला जडलेली आहे.

आरव्ही (रिक्रिएशनल व्हेईकल), म्हणजे चाकांवरचे घर, या नावाखाली नाना प्रकारची वाहने मोडतात. बसच्या आकाराचे, आत बंगल्याचा थाट असलेले ‘क्लास ए’, व्हॅनमध्येच संसार मांडलेले ‘क्लास बी’ आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपण्याची माडी काढलेले ‘क्लास सी’ ही स्वतःच्या इंजिनावर धावणारी घरे. तर ट्रॅव्हल ट्रेलर आणि फिफ्थ व्हील ही दुसऱ्या गाडीने ओढून न्यायची घरे. या दांपत्याचे घर फिफ्थ व्हील प्रकारातले आहे. पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर त्याचे पुढचे टोक टेकते, आणि मुक्कामी पोहोचून घर समतल करून बटण दाबले की दिवाणखान्याची भिंत सोफ्यासकट बाहेर सरकून खोली रुंद होते. उत्तर अमेरिकेतली अशी बहुतेक घरे इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट शहराच्या आसपास तयार होतात.

आता पाण्याविषयी. त्यांच्या घराला शुद्ध पाण्याची टाकी आहे ६० गॅलनची, म्हणजे सुमारे २२७ लिटरची. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठा योजनेचा आराखडा करताना माणशी दररोज १३५ लिटर धरण्याचा प्रघात आहे. माळावर नळाची जोडणी नसते, म्हणून ही दोन माणसे एका टाकीत आठवडा काढतात. हिशेब केला तर माणशी दररोज जेमतेम १६ लिटर येतात. ताट विसळण्याआधी कागदाने पुसून घेतात. नळाला गरम पाणी येईपर्यंत जे थंड पाणी वाहते ते पातेल्यात धरून ठेवतात आणि त्यातच दुसऱ्या दिवशीचा चहा होतो. आंघोळीला अंग ओले करायचे, नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मग पुन्हा नळ सोडायचा. मराठवाड्यात टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही. मला नवल वाटले ते याचे, की आयुष्यभर दोन बाथटबांच्या घरात राहिलेल्या माणसांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर ही शिस्त आपण होऊन अंगी लावून घेतली आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही आहे. नळ, वीज आणि गटार यांपैकी कशाचीही जोडणी न घेता असे राहण्याला ते ‘बूनडॉकिंग’ म्हणतात, आणि कोण किती दिवस टाकी न भरता राहिले हा संध्याकाळच्या गप्पांचा नेहमीचा विषय असतो.

सांडपाण्याच्या टाक्या दोन असतात. मोरीचे आणि भांड्यांचे पाणी ‘ग्रे’ टाकीत जाते, शौचालयाचे ‘ब्लॅक’ टाकीत. टाक्या भरत आल्या की घर सरकारी डंप स्टेशनवर न्यायचे, हातमोजे चढवायचे, जाड लवचिक नळी जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवायची आणि आधी ब्लॅक टाकीची झडप ओढायची. ती पूर्ण रिकामी झाल्यावरच ग्रे टाकीची झडप उघडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. हा क्रम मोडणाऱ्याला मागच्या रांगेतली माणसे ऐकवल्याशिवाय राहत नाहीत. त्याहून मोठी चूक नवखे लोक नळ-गटाराची जोडणी असलेल्या पार्कात करतात. गटार जोडलेलेच आहे म्हणून ते ब्लॅक टाकीची झडप कायम उघडी ठेवतात. मग द्रव पदार्थ वाहून जातो आणि घन पदार्थ झडपेमागे साचून दगडासारखा कडक होतो. प्रवाहाला पुरेसा वेग आणि पुरेसे पाणी मिळाले नाही तर मैला वाहत नाही, हे आम्ही ज्या पुस्तकांतून शिकलो ते इथे एका निवृत्त शाळाशिक्षकाने मला हातातली नळी हलवत समजावून सांगितले, आणि त्यांच्या समजावण्यात काहीही उणे नव्हते.

हा माळ कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न साहजिकच पडतो. ही जमीन केंद्र सरकारची असून ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याच्या ताब्यात आहे. अशा सरकारी जमिनीवर सर्वसाधारणपणे एका जागी १४ दिवसच विनाशुल्क राहता येते, आणि नंतर दूर जावे लागते. पण हिवाळ्यात वाळवंटात उतरणाऱ्या निवृत्तांची गर्दी वाढत गेली तेव्हा खात्याने १९८३मध्ये दीर्घ मुक्कामाची खास क्षेत्रे आखून दिली. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेचे ला पोसा हे त्यांपैकी एक. तिथला हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. मी गेले तेव्हा संपूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलरला आणि १४ दिवसांचा ४० डॉलरला मिळत होता. त्या पैशांत पाणी भरण्याचे नळ, डंप स्टेशन आणि कचरा टाकण्याची सोय मिळते. आखलेले प्लॉट, वीज किंवा सावली यांतले काही मिळत नाही. जागा ज्याची त्याने निवडायची. छपरावरचे सौर पॅनेल आणि बॅटऱ्या यांवर दिवे, पंखा आणि फ्रीज चालतात, तरीही ढगाळ दिवशी जनरेटर लावावा लागतो आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवण्याचा नियम आहे.

वाहनात संसार मांडण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटार-मुक्काम करणाऱ्यांची संघटना फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरी १९१९मध्ये स्थापन झाली होती. १९५६च्या कायद्यानंतर देशभर रुंद महामार्ग झाले आणि १९६६पासून आयोवा राज्यातल्या विनेबेगो कंपनीने मोटारहोम कारखान्यात ओळीने बनवायला सुरुवात केल्यावर ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. योगायोग असा, की याच अ‍ॅरिझोनात १९६०मध्ये ‘सन सिटी’ उभी राहिली. ती केवळ वयस्करांसाठी वसवलेली, गोल्फची मैदाने आणि एकसारखे बंगले असलेली वसाहत आहे. निवृत्तीनंतरची वीस-पंचवीस वर्षे कुठे आणि कोणाबरोबर घालवायची, या प्रश्नाला एकाच राज्याने दिलेली ही दोन उत्तरे आहेत, आणि सन सिटीच्या उत्तराला लागणारा पैसा व हिरवळ राखण्याची हौस ज्यांच्यापाशी नव्हती त्यांतले अनेकजण माळावर आले.

माळावरचा शेजार कसा जमतो हे पाहण्यासारखे आहे. दुपारी चारच्या सुमारास कोणीतरी आपल्या दारापुढच्या चटईवर घडीच्या खुर्च्या मांडतो आणि आसपासची माणसे आपापली खुर्ची व आपापला पेला घेऊन येतात. दारापुढची ही चटई म्हणजे अंगण समजले जाते. मालकाने बोलावल्याशिवाय तिच्यावर पाऊल ठेवायचे नाही आणि दोन घरांच्या मधून वाट काढायची नाही. पूर्वी तुम्ही कोण होतात, हे सहसा कोणी विचारत नाही. अनेकांना एकमेकांची आडनावे ठाऊक नसतात. मी जिथे बसत असे त्या वर्तुळात एक निवृत्त न्यायाधीश होते, हे मला पुष्कळ उशिरा आणि तेही दुसऱ्याकडून कळले. तोवर मी त्यांना बॅटरीच्या जोडण्यांचे जाणकार म्हणूनच ओळखत होते. आपल्याकडे निवृत्तीनंतर वीस वर्षे लोटली तरी ‘माजी अधीक्षक अभियंता’ ही पाटी दारावरून उतरत नाही, त्यामुळे मला ही प्रथा सुखद वाटली. स्वतःच्या पदाचा उल्लेख करण्याची संधी तिथे मलाही मिळाली नाही, हे ओघानेच आले.

आठवड्यातून एकदा सामुदायिक जेवण होते. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि त्यात काय काय घातले आहे ते चिठ्ठीवर लिहून भांड्यापुढे ठेवायचे, कारण कोणाला शेंगदाण्याचे वावडे असते, कोणाला मिठाचे. मी शिरा केला आणि चिठ्ठीवर रवा, तूप, साखर असे प्रामाणिकपणे लिहून टाकले. मधुमेह्यांच्या त्या मेळाव्यातून तो जवळजवळ जसाच्या तसा परत आला. पुढच्या खेपेस चटणी घालून केलेला सँडविच ढोकळा मात्र पहिल्या फेरीतच संपला.

पापुआ न्यू गिनीमध्ये दीर्घ काळ काम केलेले आणि कॅनडातल्या विद्यापीठांत शिकवणारे मानववंशशास्त्रज्ञ दांपत्य डोरोथी आणि डेव्हिड काउंट्स यांनी १९९०च्या दशकात अशा निवृत्तांबरोबर स्वतः आरव्हीत राहून त्यांचा अभ्यास केला होता. अनोळखी माणसांचा समाज अल्पावधीत बांधला जातो तो देवाणघेवाणीमुळे, विशेषतः वाटून खाल्लेल्या अन्नामुळे आणि फेडीच्या अपेक्षेने केलेल्या मदतीमुळे, असे त्यांचे निरीक्षण आहे. माळावर ते पावलोपावली पटते. शेजारी आठवड्याने निघून जाणार असतो, म्हणून ओळख वाढवायला वेळ दवडणे कोणालाच परवडत नाही. आलेल्या नव्या घराला मागे घेताना हातवारे करून मदत करणे हा पहिला परिचय. संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या शस्त्रक्रियांची यादी कळलेली असते.

एकट्यांची सोयही या समाजाने आपल्या परीने लावलेली आहे. ‘लोनर्स ऑन व्हील्स’ ही एकट्याने प्रवास करणाऱ्यांची संघटना असून न्यू मेक्सिकोतल्या डेमिंग येथे तिचा तळ आहे. तिचा गमतीदार नियम असा की दोन सदस्यांनी जोडी जमवली की त्यांचे सदस्यत्व संपते. ‘आरव्हीइंग विमेन’ ही केवळ स्त्रियांची संघटना आहे, आणि ट्रेलर मागे घेण्यापासून टायर तपासण्यापर्यंतचे शिक्षण ती आपल्या सदस्यांना देते. नवरा गेल्यानंतर चाके विकून मुलाकडे जाण्याऐवजी स्टिअरिंगवर स्वतः बसलेल्या बायका मला बऱ्याच भेटल्या, आणि त्यांना विधवा म्हणून कोणी वेगळी वागणूक दिल्याचे दिसले नाही.

पण माळावर टपाल येत नाही आणि पत्त्याशिवाय अमेरिकेत वाहन परवाना, विमा, बँक, मतदान यांपैकी काहीच चालत नाही. ही अडचण सोडवण्यात ‘एस्केपीज’ या संघटनेचा वाटा फार मोठा आहे. जो आणि के पीटरसन या दांपत्याने ती १९७८मध्ये सुरू केली. तिचे मुख्यालय टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन या गावी आहे आणि तिथली टपाल सेवा हा तिचा कणा आहे. सदस्याचा कायदेशीर पत्ता लिव्हिंग्स्टनचा असतो. टपाल तिथे गोळा होते आणि तो कळवेल त्या गावी पाठवले जाते. टेक्सस, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या तिन्ही राज्यांत राज्य सरकारचा प्राप्तिकर नसल्यामुळे पूर्णवेळ आरव्हीत राहणारे बहुधा यांपैकी एका राज्याचे रहिवासी होतात. एके काळी साउथ डकोटात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवून वाहन परवाना काढता येई आणि मतदार म्हणून नावही नोंदवता येई. २०२३मध्ये त्या राज्याने मतदार नोंदणीसाठी ३० दिवस वास्तव्याची अट घातली, तेव्हा या मंडळींत बरीच खळबळ उडाली. जो माणूस राज्यात राहत नाही त्याने तिथल्या शाळांच्या करावर मत द्यावे का, हा स्थानिकांचा प्रश्न मला गैरवाजवी वाटत नाही. तसाच, ज्याने चाळीस वर्षे कर भरला त्याला केवळ घर विकल्यामुळे मतदानाला मुकावे लागावे का, हा यांचा प्रश्नही खरा आहे.

पैशांची बाजू वरवर दिसते तितकी गुलाबी नाही. माळावर तीन लाख डॉलरांच्या घराशेजारी पत्रा गंजलेली जुनी व्हॅन उभी असते आणि दोन्हीकडची माणसे एकाच वर्तुळात बसतात, याचे कौतुक पुष्कळ होते. परंतु एकजण तिथे हौसेने आलेला असतो आणि दुसऱ्याला २००८च्या मंदीत घर गमावल्यानंतर पर्याय उरलेला नसतो, हे त्या वर्तुळातही विसरता येत नाही. निवृत्त कामगाराला सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचे सरासरी निवृत्तिवेतन २०२४मध्ये महिन्याला १,९०० डॉलरच्या आसपास होते. शहरात एका खोलीच्या भाड्यातच त्यातला मोठा भाग जातो. म्हणून अनेकजण हंगामी कामे करतात. उन्हाळ्यात सरकारी वनोद्यानांत ‘कॅम्प होस्ट’ होऊन राहिले की जागा फुकट मिळते, मोबदल्यात शौचालये धुवायची आणि पावत्या फाडायच्या. शरद ऋतूत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर साखरेच्या बिटाची काढणी असते, तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. अ‍ॅमेझॉनने तर २००८पासून नाताळच्या गर्दीसाठी आरव्हीत राहणाऱ्यांची खास भरती चालवली होती. ती योजना आता बंद झाली आहे. सत्तरीतल्या माणसाने रात्रपाळीत गोदामात मैलोन् मैल चालावे याला साहस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सरकारने निवृत्तांना दिलेल्या सवलतींत मला मनापासून आवडलेली एक आहे : ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो आणि तो दाखवला की सरकारी तळांवर मुक्कामाचे भाडे बहुतेक ठिकाणी निम्मे होते.

दातांची गोष्ट वेगळीच आहे. मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना नेहमीचे दंतोपचार देत नाही. म्हणून माळावरची मंडळी अ‍ॅरिझोनातल्या युमा शहराजवळून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेस या गावी जातात. ते गाव दंतवैद्य, चष्म्याची दुकाने आणि औषधांची दुकाने यांनीच भरलेले आहे. गाडी अमेरिकेच्या बाजूला लावायची, पासपोर्ट घेऊन चालत जायचे आणि दुपारी परतीच्या रांगेत नव्या कवळ्यांची चर्चा करत उभे राहायचे. परदेशी व्हिसावर असल्यामुळे पलीकडे जाण्याचे धाडस मी केले नाही. अलीकडच्या वाहनतळावर बसून परत येणाऱ्यांचे हसरे चेहरे पाहिले. विमा निवडतानाही या लोकांना जपावे लागते, कारण मूळ मेडिकेअर देशभर ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते, तर खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या स्वस्त योजना बहुधा एका प्रदेशातल्या डॉक्टरांपुरत्या असतात आणि राज्य ओलांडले की तातडीच्या उपचारांपलीकडे फारशा उपयोगी पडत नाहीत.

या सगळ्यात माझ्या मनात सर्वांत घर करून राहिली ती गोष्ट माळावरची नाही, या दांपत्याच्या मुलाच्या दारातली आहे. नाताळाच्या आधी हे दांपत्य आपल्या मुलाकडे जाते तेव्हा घर त्याच्या ड्राइव्हवेत उभे करते. गॅरेजच्या प्लगमधून वायर ओढून घेतली की झाले. दिवसभर ती दोघे नातवंडांत असतात, जेवण एकत्र होते आणि रात्री नऊ वाजले की आपल्या घरी जाऊन आपले दार लावून घेतात. सुनेच्या स्वयंपाकघरात पहाटे चहाचे आधण ठेवताना भांड्याचा आवाज होईल या धास्तीने बिछान्यात पडून राहावे लागत नाही. आमच्यासारखे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत राहतात. गाडी चालवता येत नाही, बसथांबा जवळ नाही, ओळखीचे माणूस शनिवारी मंदिरात भेटले तर भेटले. मुले प्रेमाने वागतात, जावई काही कमी पडू देत नाहीत. तरीही सहा महिने दुसऱ्याच्या घराच्या वेळा सांभाळून राहिल्याचा शीण येतोच, आणि तो बोलून दाखवणे कृतघ्नपणाचे वाटते. त्यांच्या मुलाच्या दारात उभे राहिलेले ते घर पाहून मी माझ्या मुलीला म्हटले, ‘‘मला असे एक घेऊन दे, मी तुझ्याच दारात राहीन.’’ ती हसून म्हणाली, ‘‘आई, सोसायटी दोन दिवसांत नोटीस पाठवेल.’’ आणि ते खरेच आहे. तिथल्या बऱ्याच वसाहतींच्या घरमालक संघांचे नियम असे असतात की आरव्ही एक-दोन दिवस उभी राहिली तर चालते, त्यापुढे दंड. या दांपत्याच्या मुलाने मुद्दाम असा संघ नसलेल्या जुन्या भागात घर घेतले आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा मी ते उत्सुकतेने वाचले होते. त्याचा रोख सहलीवर आहे आणि ते ठीकच आहे. पण ज्येष्ठांनी कोकणात किंवा साताऱ्याकडे असे महिना-दोन महिने राहावे असे कोणाला वाटत असेल तर आधी मैला रिता करण्याची अधिकृत जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि रात्री दिवा असलेला तळ, या तीन गोष्टी दर पन्नास-साठ किलोमीटरवर कराव्या लागतील. गाडी घ्यायला पैसेवाले पुष्कळ मिळतील; डंप स्टेशन बांधायला आणि विशेषतः चालू ठेवायला कोण मिळतो ते सांगा.

चाकांवरच्या जीवनाचा अवघड भाग सुरू होतो तो गाडी चालवणे थांबते तेव्हा. आरव्हीचे मूल्य जमिनीसारखे वाढत नाही, मोटारीसारखे घटते. त्यामुळे पंधरा वर्षांनी ती विकून पुन्हा घर घेता येईल या भरवशावर कोणी राहू नये. एस्केपीजने या प्रश्नाला हात घातला हे मला त्या संघटनेचे सर्वांत मोठे काम वाटते. लिव्हिंग्स्टनच्याच आवारात ‘केअर’ नावाचे केंद्र आहे. आजारी किंवा थकलेले सदस्य तिथे आपली आरव्ही उभी करून तिच्यातच राहतात. तीन वेळचे जेवण, साफसफाई, डॉक्टरकडे नेणे-आणणे आणि दिवसभराची देखभाल केंद्राकडून मिळते. मदतीला येतात ते अजून गाडी चालवू शकणारे सदस्य, ज्यांना कामाच्या मोबदल्यात तिथे जागा मिळते. वृद्धाश्रमात गेलेल्या माणसाला आपले घर मागे सोडून जावे लागते. इथे घर बरोबरच येते, उशाचा दिवा आणि खिडकीचा पडदाही तोच राहतो. अशा सोयीची क्षमता अर्थातच मर्यादित आहे, आणि ज्यांच्यापाशी ना पैसा ना संघटना त्यांच्यासाठी माळाच्या पलीकडे काही नाही.

या दांपत्यातल्या यजमानांच्या डोळ्यांना आता अंधार पडल्यावर नीट दिसत नाही, म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठायचा असा नियम त्यांनी केला आहे. पिकअप आता बहुतेक बाईच चालवतात. घर मागे घेण्याचा सराव त्या एका रिकाम्या मैदानात करत होत्या आणि यजमान मागे उभे राहून हातवारे करत होते. या मंडळींत संसारातली सर्वांत मोठी भांडणे याच वेळी होतात असे म्हणतात, आणि मी जे ऐकले त्यावरून त्यात तथ्य असावे. अ‍ॅरिझोनात बेन्सन येथे एस्केपीजच्या सदस्यांनी सहकारी तत्त्वावर चालवलेले एक पार्क आहे, जिथे सदस्याला आपली आरव्ही उभी करायला कायमचा ओटा मिळतो आणि गटार, वीज व पाणी यांची जोडणीही मिळते. तिथल्या प्रतीक्षा यादीत त्यांनी नाव घातले आहे. यादी लांब आहे आणि ती कशी पुढे सरकते हे त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितले : कोणीतरी किल्ल्या खाली ठेवल्या, म्हणजे मुलांकडे गेले किंवा जगातून गेले, की एक ओटा रिकामा होतो. तोवर दर सप्टेंबरमध्ये ला पोसाचा परवाना काढायचा, एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघायचे आणि बाईंनी गाडी हाकायची, असे त्यांचे ठरलेले आहे.